प्रश्न पल्ल्याचा की जागेचा?

स्वारगेट ते हिंजवडी हे अंतर सुमारे 20 किलोमीटर, जाऊन-येऊन 40. प्लग-इन हायब्रिड मोटार एका चार्जिंगवर बहुधा 40 ते 80 किलोमीटर विजेवर धावते. रोजच्या प्रवासाला हा पल्ला पुरतो. मुंबईसाठी पेट्रोल आहेच. परंतु रात्री गाडी प्लगला लागली, तरच हे गणित जुळते. युरोपीय आयोगाच्या 2024 च्या अहवालात अशा गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन-उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्यांच्या साडेतीनपट आढळले; त्या पुरेशा चार्ज होत नव्हत्या.

सदाशिव पेठेतील जुन्या इमारतींपुढे गाड्या रस्त्यावरच उभ्या राहतात. तेथे प्लग कोठला? तेव्हा प्रश्न पल्ल्याचा नसून हक्काच्या जागेचा आहे. पुण्यात 2019 पासून विजेच्या बसगाड्या धावत आहेत. सार्वजनिक पैशावर पहिला हक्क त्यांच्या प्रवाशांचा आहे.