आकाशातलं इंटरनेट

विमान दहा किलोमीटर उंचीवर असताना प्रवाशाच्या मोबाइलवर संदेश येतो तरी कसा?

काही देशांत जमिनीवरचे मनोरे थेट विमानाच्या पोटाखालच्या अँटेनाशी बोलतात. पण समुद्रावर मनोरे कुठून आणायचे? तिथे उपग्रहच हवा. विमानाच्या पाठीवर एक फुगीर उंचवटा असतो, त्याखालची अँटेना उपग्रहाकडे रोखलेली राहते. भूस्थिर उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर वर असतो. आपली विनंती तिथवर जाऊन जमिनीवर उतरते आणि उत्तर त्याच वाटेने परततं. एवढ्या प्रवासातच अर्धा सेकंद जातो. म्हणून पान उघडायला वेळ लागला, तर मोबाइलला दोष देऊ नका! सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमुळे हा विलंब खूपच घटतो.

भारतात या सेवेचे नियम २०१८ मध्ये आले. १ जानेवारी २०२५ रोजी एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत वाय-फाय सुरू केलं. घरी आजारी माणूस असलेल्या प्रवाशाला ही केवढी सोय आहे!

वापरायचं कसं, तर मोबाइल फ्लाइट मोडवरच ठेवा आणि फक्त वाय-फाय चालू करा. ही जोडणी सार्वजनिक असते, त्यामुळे बँकेचे व्यवहार शक्यतो टाळा. सिनेमा पाहायचा असेल, तर तो घरूनच डाउनलोड करून न्या.