डबा बरा की बँक?



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. बँकेवर मी काय बोलणार? पण मंडळाचा आग्रह मोडवेना, म्हणून वाचलेले आणि अनुभवलेले थोडक्यात सांगते.

पूर्वी लहान दुकानदाराला भांडवल हवे असले, की सावकाराचे दार गाठायचे, नाही तर बायकोचे दागिने मोडायचे. मोठ्या बँकांत त्याची दाद लागत नसे. अशा लहान व्यापारी-कारखानदारांना हात द्यावा म्हणून प्रा. वा. गो. काळे, श्री. डी. के. साठे आदी मंडळींनी पुण्यात १६ सप्टेंबर १९३५ रोजी बँक ऑफ महाराष्ट्र नोंदविली. अधिकृत भांडवल १० लाख रुपये. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी कामकाज सुरू झाले. दहा वर्षांत, म्हणजे १९४६ साली, ठेवी एक कोटीवर गेल्या. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने ज्या चौदा बँका ताब्यात घेतल्या, त्यांत हीही होती.

हा कोटीचा आकडा कोठून आला? घरोघरच्या ठेवींतून! आपली ठेव बँक धंदेवाल्याला कर्जाऊ देते, त्याच्याकडून व्याज घेते आणि त्यातले आपल्याला देते.

पण २०२१ साली आपल्या पनवेलच्याच एका सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. तेव्हापासून पुष्कळजणी म्हणतात, "आपला तांदळाचा डबाच बरा!"

बायांनो, डब्याचेही ऐका. आमच्या सासूबाईंनी गोधडीच्या घडीत ११ हजार रुपये जपले होते. ते सापडले २०१७ च्या उन्हाळ्यात. पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबर २०१६ लाच संपली होती. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

तेव्हा बँकेत ठेवा, पण विचारून ठेवा. बँक बुडाल्यास मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विमा मिळतो. १९६२ साली तो सुरू झाला तेव्हा मर्यादा अवघी १,५०० रुपये होती! पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नाही. म्हणून जास्त व्याजाला भुलू नका, सगळी पुंजी एके ठिकाणी ठेवू नका, आणि खाते स्वतःच्या नावाने उघडून पासबुक स्वतः वाचा.