देणं, सोपवणं आणि दगा

'आदान' आणि 'प्रदान' ही जोडी आपल्या ओळखीची. दोन्हींत धातू एकच, 'दा' म्हणजे देणं. पण 'आ' उपसर्ग लागला की देण्याचं घेणं होतं. प्राचीन रोमच्या लॅटिन भाषेत या धातूचं सख्खं भावंड आहे : 'दारे', म्हणजे देणं. त्याच्या उपसर्गांची हकिगत आज ऐकू या.

'रे' म्हणजे परत, म्हणून 'रेद्देरे' म्हणजे परत देणं. 'एक्स' म्हणजे बाहेर, म्हणून 'एदेरे' म्हणजे बाहेर काढणं, प्रसिद्ध करणं. आपला एडिटर इथलाच. 'त्रान्स' म्हणजे पलीकडे, म्हणून 'त्रादेरे' म्हणजे दुसऱ्याच्या हाती सोपवणं.

पण 'दारे'तल्या 'दा'चा 'दे' कसा झाला? फार जुन्या लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडे. उपसर्ग येऊन चिकटला, आघात त्यानं घेतला आणि धातूचा स्वर दुबळा झाला. त्याही आधी हे उपसर्ग सुटे वावरत. दुसऱ्या शतकातल्या फेस्टुस या कोशकारानं जुन्या कायद्यातले 'त्रान्सक्वे दातो' हे शब्द नोंदवून ठेवलेत. यातला 'क्वे' म्हणजे 'आणि'. तो उपसर्ग आणि क्रियापद यांच्या मधोमध बसला आहे! वेदांतही उपसर्ग धातूपासून दूर सापडतात. पाणिनीनं त्यासाठी वेगळं सूत्रच दिलं.

आता 'त्रादेरे'कडे पुन्हा वळू. गुरूनं शिष्याला विद्या सोपवली, तेही 'त्रादेरे' आणि पहारेकऱ्यानं शत्रूला शहर सोपवलं, तेही 'त्रादेरे'. इ.स. 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. जिवाच्या भीतीनं काहींनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. त्यांना 'त्रादितोरेस', म्हणजे सोपवून देणारे, असं नाव पडलं. अशांच्या हातून दीक्षा घेतलेला बिशप मानायचा की नाही, यावरून उत्तर आफ्रिकेत, कार्थेजच्या चर्चमध्ये फूट पडली. ती शंभर वर्षांहून अधिक काळ मिटली नाही.

उपसर्ग फक्त दिशा दाखवतो. ती सोपवणूक निष्ठेची की दग्याची, हे माणसांच्या करणीवरून ठरतं. इंग्रजीत परंपरेला 'ट्रॅडिशन', राजद्रोहाला 'ट्रीझन' आणि गद्दाराला 'ट्रेटर' म्हणतात. हे तिन्ही शब्द या एकाच 'त्रादेरे'चे वंशज आहेत.