शस्त्रक्रियेनंतरचे घर
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावर दरवर्षी गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, शिष्यवृत्तीनिधीचा हिशेब वाचला जातो, वधूवरांची नोंद जाहीर होते. ते सर्व योग्यच आहे. ह्या वर्षी कार्यकारी मंडळाने मला आरोग्यावर चार शब्द बोलण्यास सांगितले. रोग कसे टाळावेत हे सांगणारी माणसे पुष्कळ आहेत आणि ती माझ्याहून विद्वान आहेत. माझी हयात परिचारिकेच्या कामात गेली. तेव्हा मी बोलणार आहे ते रोगाविषयी नव्हे, शस्त्रक्रियेविषयीही नव्हे, तर रुग्णालयाच्या दारातून गाडी घरी आल्यानंतर त्या माणसाचे दिवस कसे जातात ह्याविषयी. हा विषय किरकोळ वाटेल. परंतु शस्त्रक्रिया उत्तम झालेली माणसे घरी येऊन खचलेली मी पाहिली आहेत, आणि ती बहुतेक स्त्रिया होत्या.

सातारा व सांगली ही आज दोन जिल्ह्यांची नावे असली, तरी १९४९ साली उत्तर व दक्षिण सातारा असे विभाजन होईपर्यंत, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे सांगली असे नामकरण होईपर्यंत, आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात हा सारा एकच मुलूख होता. ह्या मुलखात ‘मिरजेला नेले’ असे कोणी म्हटले की पुढे काही विचारावे लागत नसे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस हे मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. गावाला रेल्वेचे जंक्शन लाभलेले; त्यामुळे साताऱ्याकडून, कोल्हापुराकडून, कर्नाटकातून रुग्ण येत. १९२८ मध्ये डॉक्टरांना ‘सर’ ही पदवी मिळाली. सांगली व मिरज ह्यांच्या मधल्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव आहे ते त्यांचेच.

त्या काळी शस्त्रक्रिया झाली की माणूस आठवड्यामागून आठवडे खाटेवर असे. मोतीबिंदूच्या रोग्याने मान हलवू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवीत, असे आमच्या वेळच्या जुन्या परिचारिका सांगत. आता मोतीबिंदूचा रोगी बहुधा त्याच दिवशी काळा चष्मा लावून घरी येतो. पित्ताशय दुर्बिणीने काढले तर एकदोन दिवसांत सुटी मिळते. उदराची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यासही दुसऱ्या दिवशी आधार देऊन उभे करतात. कारण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचे भय असते, हे वैद्यकास उमगले आहे. ही प्रगती स्पृहणीय आहे ह्यात शंका नाही. परंतु तिचा एक परिणाम आपल्या ध्यानात आलेला नाही. पूर्वी जे पंधरा दिवस रुग्णालयात जात, ते आता घरात जातात. वॉर्ड घरी आला आहे; घराला मात्र त्याची वार्ता नाही.

पुरुष रोगी घरी आला की बाहेरच्या खोलीत त्याची खाट पडते, उशाशी तांब्याभांडे येते, पोरांना गप्प बसविले जाते. तीच शस्त्रक्रिया घरच्या गृहिणीची झाली तर? कराडकडील एका घरातील बाईंचे गर्भाशय काढले होते. सासरची माणसे चांगली होती. त्यांनी पैशाकडे पाहिले नाही. चौथ्या दिवशी बाई घरी आल्या. दोन दिवस थोरल्या जाऊबाईंनी स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “बरं वाटतंय न्हवं आता? मग पडून राहिलीस तर अंग धरंल.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, त्यांना स्वतःला उभ्या आयुष्यात कोणी पडू दिले नव्हते, एवढेच. नवव्या दिवशी बाईंनी पाण्याचा हंडा उचलला आणि रात्री त्यांना पुन्हा गाडीत घालून न्यावे लागले.

अशा शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे सहा आठवडे जड उचलू नये असे सांगतात. दहा लिटर पाणी म्हणजेच दहा किलो वजन. त्यात भांड्याचे वेगळे. भरलेला गॅसचा सिलिंडर सुमारे तीस किलोंचा. ओल्या चादरीची बादली, कडेवरचे नातवंड, तांदळाची पिशवी ही सर्व ‘जड’ ह्या शब्दात येतात. परंतु डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर ‘जड वस्तू’ एवढेच लिहिलेले असते आणि गृहिणीला ह्यांपैकी काहीच जड वाटत नाही. तो कागद घरातील कर्त्या पुरुषाने स्वतः वाचावा आणि स्वयंपाकघरात भिंतीवर लावावा, असे माझे मत आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, की आम्ही विश्रांती द्यावयास तयार आहोत, पण बाईच स्वस्थ बसत नाही. हे खरे आहे. रिकामे बसणे हा आपल्या स्त्रियांना गुन्हा वाटतो. कोणी उंबऱ्यात आले की त्या अंथरुणावरून ताडकन उठतात. म्हणून मी तिला नुसते ‘बस’ असे कधी सांगत नाही. हातात काहीतरी देऊन बसविते. छंद ही आपल्याकडे चैनीची गोष्ट समजली जाते. पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईला खुर्चीत धरून ठेवणारे त्याच्याइतके खात्रीचे औषध माझ्या पाहण्यात नाही. फुलवाती वळणे, क्रोशाची लेस, गोधडीला धावदोरा, ह्यांतले जे तिला मनापासून आवडते ते द्यावे. घेवडा सोलावयास दिला तरी चालेल, मात्र तो पाटीभर देऊ नये. नाहीतर विरंगुळ्याची पुन्हा रोजगारी होते. एका बाईंनी सहा आठवड्यांत नातीसाठी चौकटीची दुपटी शिवली. ती त्या दाखवीत तेव्हा टाक्यांची आठवण त्यांच्या तोंडून मी ऐकली नाही.

वाचनाचीही तीच गोष्ट. ह्याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघू लागले, आणि दुपारी पदराआड मासिक धरून वाचणाऱ्या बायका आपल्या घराघरांत झाल्या. आमच्या आईकडे त्याचे बांधीव अंक होते. आज कोणाच्या माळ्यावर असे अंक असतील तर ते रद्दीत घालू नयेत. आजारी बाईला जुन्या अंकातील पाककृती व पत्रव्यवहार वाचताना जी गंमत वाटते ती नव्या कशात नाही. डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना वाचन काही दिवस जड जाते. त्यांना कान आहेत. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले तेव्हापासून कित्येक वृद्धांची दुपार त्या आवाजावर सरली. आता नातवाच्या फोनवर हवे ते कीर्तन लागते, ही सोय मी कमी लेखत नाही. मात्र फोन आजोबांच्या हाती देऊन नातवाने निघून जाऊ नये.

मुलांचा प्रश्न निराळा. आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेला दहा-बारा वर्षांचा मुलगा चौथ्या दिवशी क्रिकेटची बॅट शोधू लागतो. त्याच्यापुढे बुद्धिबळाचा पट मांडावा. सांगली हे तर बुद्धिबळाचे गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांनी येथे ह्या खेळाची पेठ वसविली आणि येथल्याच स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाल्या. प्रत्येक आजारी मुलगा ग्रँडमास्टर होईल असे नाही, पण एक डाव म्हणजे एक तास स्वस्थ बसणे. पत्त्यांत हशा फार होतो, आणि पोटात टाके असताना हसणे ही मोठी शिक्षा असते. हसू किंवा खोकला आलाच तर पोटाशी उशी घट्ट धरावी, हे मात्र लहानथोर सर्वांनी लक्षात ठेवावे.

आता भेटीस येणाऱ्यांविषयी. महात्मा गांधींची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक ह्यांनी केली. वीज गेल्यामुळे ती कंदिलाच्या उजेडात पुरी करावी लागली हे आपण वाचलेले असेल. पुढे ते जुहूला समुद्राकाठी विश्रांतीस राहिले. तेथे माणसांची एवढी रीघ लागली की भेटीस येणाऱ्यांना आवर घालण्यासाठी त्यांना जाहीर विनंती करावी लागली. महात्म्याची जर ही अवस्था, तर शनिवार पेठेतील आपल्या वहिनींची काय कथा! वहिनींना जाहीर विनंती करता येत नाही. आपण पाचसहा जण बरोबर जातो, साताऱ्याचे कंदी पेढे नेतो (ते मधुमेह्यालाही नेतो), आपल्या मावसदिराला ह्याच शस्त्रक्रियेत काय काय झाले ते सविस्तर सांगतो, आणि वहिनींनी उठून केलेला चहा पिऊन येतो. माझी विनंती आहे की ज्या घरी दुखणे गृहिणीचे आहे तेथे चहा पिऊ नये. डबा न्यावा. मऊ भात, मेतकूट, मुगाचे वरण, पपईची फोड. डबा घासून आपणच परत न्यावा. आणि डबा आणणारी शेजारीण कोणत्या ज्ञातीची ही चौकशी तर दुखणाइताला मुळीच परवडत नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून हे मी मुद्दाम सांगत आहे.

पुरुषांना अगदीच विसरले असे होऊ नये. साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक चार भिंतींपर्यंत रोज फिरावयास जात. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि चढ बंद झाला. साताऱ्यात घराबाहेर पडले की कोठेतरी चढ आहेच. गुरुजी अजिंक्यताऱ्याकडे पाठ करून बसू लागले, जेवेनासे झाले. त्यांच्या सुनेने एके दिवशी कुळाचा एक जुना, फाटका कागद त्यांच्यापुढे टाकला व म्हणाली, “मामंजी, ह्यात पणजीचं माहेर कुठलं ते काही लागत नाही.” बस, गुरुजी कामाला लागले. वडूज, विटे, तासगाव, इस्लामपूर अशा ठिकठिकाणच्या आप्तांना त्यांनी पत्रे लिहिली, जी पत्रे पोचत नव्हती तेथे फोन लावले, आणि तीन महिन्यांत सात पिढ्यांची वंशावळ सिद्ध केली. पुरुषांच्या वंशावळीत स्त्रियांची नावे घालण्याची आपल्याकडे पद्धत नव्हती. गुरुजींनी प्रत्येक सुनेचे व लेकीचे नाव लिहिले. नंतर ते काठी घेऊन सांगलीस मुलीकडे राहावयास आले, कारण सांगलीचे रस्ते सपाट आहेत. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, आणि दीड महिन्याने गणपती मंदिरापर्यंत त्यांची मजल गेली. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या मात्र त्यांनी उतरू नयेत असे मीच त्यांना बजावले होते. ते वर उभे राहून आयर्विन पुलाकडे पाहत आणि परत येत.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक मागणी ठेवते. बाहेरगावच्या आपल्या कुटुंबांना सांगली-मिरजेस शस्त्रक्रियेसाठी यावे लागते आणि सुटी लवकर मिळाल्यावर तपासणी होईपर्यंत आठवडाभर कोठे राहावे हा पेच पडतो. येथील ज्या घरांत तळमजल्यावर एक खोली व जवळ उंच बैठकीचा संडास आहे, त्यांची यादी संस्थेने करावी. सभागृहातील पूर्वेकडचे कपाट रिकामे आहे. त्यात दोन वॉकर, एक कमोडची खुर्ची, बुद्धिबळाचे दोन पट आणि मोठ्या टाइपातील पुस्तके ठेवावीत व ती नोंद करून घरी न्यावयास द्यावीत. वॉकर माझ्याकडून एक आलाच असे समजा. वही प्रवेशद्वाराजवळील टेबलावर ठेविली आहे. तीत दोन रकाने आहेत, एक खोली देणाऱ्यांचा व एक डबा देणाऱ्यांचा. डब्याच्या रकान्यात पुरुषांनीही नावे घालावयास हरकत नाही.