चित्र आणि अनुमान



गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरी माझ्या वडिलांचा एक जुना फोटो सापडला. ऐन विशीतला. ओल लागून तो एका बाजूने अगदी फिकट झाला होता. डाव्या भुवईच्या आसपासचा भाग तर पार पुसूनच गेला होता. मी तो गावातल्या एका दुकानात नेऊन दिला. तिथल्या मुलाने संगणकावर पाच मिनिटांत तो असा लखलखीत करून दिला की केसन्‌केस मोजून घ्यावा! मोठ्या हौसेने मी तो आईच्या हातात ठेवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "फोटो छान झालाय रे. पण अण्णांच्या भुवईवरची खोक कुठं गेली?"

अण्णा लहानपणी चिंचेवरून पडले होते. त्या वेळची खोक त्यांच्या भुवईवर जन्मभर राहिली. फोटोतला नेमका तेवढाच भाग पुसला गेला होता. संगणकाने तो भरून काढला खरा. पण कशाच्या आधारावर? त्याला शिकवताना लाखो चेहरे दाखवलेले असतात. त्यांतल्या बहुतेकांच्या भुवईवर खोक नसते. तेव्हा त्याने आमच्या अण्णांनाही एक स्वच्छ, सुरेख भुवई देऊन टाकली.

चित्रणाच्या तंत्रात अलीकडे जे संशोधन झाले आहे, त्याविषयी आज बोलायचे आहे. मी गणिताचा मास्तर. डॉक्टर नव्हे आणि खगोलशास्त्रज्ञही नव्हे. पण आता मौज अशी आहे की, डॉक्टरांचे चित्र काय आणि खगोलशास्त्रज्ञांचे चित्र काय, दोन्ही आज गणिताच्या स्वयंपाकघरातूनच बाहेर येतात. आणि त्या स्वयंपाकघरात आईचा तो प्रश्न रोज विचारावा लागतो.

क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनी १८९५ साली लावला. त्या किरणांनी काढलेले चित्र म्हणजे एक सावली असते. हात मध्ये धरला, हाडांची सावली काचेवर पडली, झाले चित्र. पण सावलीत पुढचे आणि मागचे एकावर एक येते. डोक्याच्या कवटीतून मेंदूतली गाठ अशी दिसत नाही. मग पाव कापून पाहावा तसा डोक्याचा एक काप, न कापता, पाहायचा कसा?

यासाठी एक लहानसे कोडे घालतो. जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. चार घरांचा एक चौकोन काढा. वर दोन घरे, खाली दोन घरे. प्रत्येक घरात एक आकडा लपलेला आहे. मी आकडे सांगणार नाही, फक्त बेरजा सांगणार. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ११. डाव्या उभ्या रांगेची बेरीज ८, उजवीची १०. तर आकडे कोणते?

कुणी म्हणेल, वर ३ आणि ४, खाली ५ आणि ६. बरोबर. पण शेजारी बसलेला म्हणेल, वर २ आणि ५, खाली ६ आणि ५. करून पाहा, त्याचेही बरोबर येते! बेरजा त्याच, चित्रे मात्र दोन. आता मी आणखी एकच बेरीज सांगतो. डावीकडच्या वरच्या घरापासून उजवीकडच्या खालच्या घरापर्यंतची तिरपी बेरीज ९ आहे. लगेच दुसरे उत्तर बाद होते, कारण त्याची तिरपी बेरीज ७ येते. पहिलेच खरे ठरते.

सी.टी. स्कॅन म्हणतात तो हाच खेळ. शरीरातून आरपार गेलेला प्रत्येक किरण वाटेत किती क्षीण झाला, हे यंत्र मोजते; म्हणजे त्या रेषेवरची एक बेरीज सांगते. अशा हजारो बेरजा अनेक दिशांनी घ्यायच्या आणि त्यांवरून घराघरातला आकडा शोधायचा. हे करता येते याची गणिती सिद्धता ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन यांनी १९१७ सालीच दिली होती. त्यांच्यासमोर रोगी नव्हता, यंत्रही नव्हते. पुढे दक्षिण आफ्रिकेतले ॲलन कॉरमॅक यांनी तेच कोडे, राडोन यांचे काम ठाऊक नसताना, आपल्या रीतीने सोडवले आणि १९६३ व १९६४ साली छापले. कुणी फारसे लक्ष दिले नाही. इंग्लंडात गॉडफ्रे हाउन्सफील्ड ई.एम.आय. या ग्रामोफोन रेकॉर्डींसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीत इंजिनिअर होते. त्यांच्या पहिल्या प्रायोगिक यंत्राला एका चित्राची मोजमापे घ्यायला नऊ दिवस लागले आणि संगणकाला ते गणित सोडवायला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र त्यांच्या यंत्राने काढले. ८० गुणिले ८०, म्हणजे ६४०० घरांचे. १९७९ साली कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इथे एक मोठा बदल झाला, तो ध्यानात घ्यावा. तोवर चित्र टिपले जात होते. आता ते सोडवले जाऊ लागले.

पुढचा प्रश्न उघड आहे. बेरजा जितक्या जास्त, तितके उत्तर पक्के. पण बेरजा फुकट मिळत नाहीत. क्ष-किरणांच्या बाबतीत अधिक मोजमाप म्हणजे शरीरावर किरणांचा अधिक मारा. एम.आर.आय. यंत्रात तो धोका नाही. तिथे चुंबक आणि रेडिओलहरींचे काम असते. पण तिथे किंमत वेळेने मोजावी लागते. त्या बोगद्यात, त्या ठोकाठोकीच्या आवाजात, अर्धा-पाऊण तास हालचाल न करता पडून राहायचे! मोठ्या माणसाची ही कथा, तर चार वर्षांच्या पोराचे काय? पुष्कळदा त्याला गुंगीचे औषध द्यावे लागते. तेव्हा कमी बेरजांत चित्र काढता आले तर कुणाला नको आहे?

पण आत्ताच आपण पाहिले की बेरजा कमी पडल्या की एकाच मोजमापात दोन चित्रे बसतात. दोन कसली, हजारो बसतात. त्यांतले खरे कोणते?

२००४ ते २००६ या काळात इमॅन्युएल कँडेस, जस्टिन रोम्बर्ग, टेरेन्स ताव आणि डेव्हिड डोनोहो या गणितज्ञांनी याचे एक सुंदर उत्तर दिले. त्याला कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मोजमापात बसणाऱ्या सगळ्या चित्रांतून सर्वांत साधे चित्र निवडा. साधे म्हणजे काय, तर कमीत कमी शब्दांत सांगता येईल असे. भिंत पांढरी असेल तर भिंतीच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा सांगावा लागत नाही. 'भिंत पांढरी' म्हटले की पुरते. जगातली बहुतेक चित्रे अशीच थोडक्यात सांगण्याजोगी असतात. म्हणून तर मोबाइलमध्ये इतके फोटो मावतात. कँडेस यांनी डोक्याच्या कापाची एक कृत्रिम आकृती घेतली आणि नेहमीच्या मानाने अगदी थोडी, केवळ २२ रेषांवरची मोजमापे वापरली. आकृती जशीच्या तशी परत मिळाली. त्यांना स्वतःलाही आधी खरे वाटले नाही. मग त्याची सिद्धता निघाली. कोणत्या अटींवर हे होते आणि कोणत्या अटींवर होत नाही, हे त्या सिद्धतेत स्पष्ट सांगितलेले आहे. मला स्वतःला या कामातले हेच फार मोलाचे वाटते. मायकेल लस्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ही रीत एम.आर.आय.ला लावून दाखवली, आणि नंतरच्या दहा वर्षांत ती दवाखान्यांतल्या यंत्रांत आली.

त्यापुढचे पाऊल आले कृत्रिम बुद्धिमत्तेचे. इथे नियम बदलला. 'सर्वांत साधे ते निवडा' याऐवजी 'आजवर जी चित्रे पाहिलीस, त्यांच्यासारखे दिसेल ते निवड' असे संगणकाला सांगण्यात आले. २०१८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाचा वैद्यक विभाग आणि फेसबुक यांनी मिळून असा प्रकल्प सुरू केला व गुडघ्यांच्या तपासण्यांची मोजमापे संशोधकांना खुली करून दिली. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केले की चौथा हिस्सा मोजमापांवरून संगणकाने काढलेले गुडघ्याचे चित्र आणि नेहमीचे चित्र, दोन्हींवरून डॉक्टरांचे निदान सारखेच येते. ही लहान गोष्ट नव्हे. जिथे रोग्यांची रांग आणि यंत्र एकच, तिथे तेच यंत्र एका दिवसात अधिक माणसे तपासू शकेल.

पण त्याच वर्षी दुसरीही बाजू पुढे आली. केंब्रिज विद्यापीठातले अँडर्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक पद्धतींची कसून परीक्षा घेतली. मोजमापात डोळ्याला जाणवणारही नाही इतका फरक केला, तरी काही पद्धतींच्या चित्रांत भलतेच डाग उमटले. उलट, चित्रात मुद्दाम एखादी बारीक खूण घातली, तर काहींनी ती पुसून टाकली. गंमत म्हणजे, काही पद्धतींना जास्त मोजमापे दिली तर चित्र सुधारण्याऐवजी बिघडले! न्यूयॉर्कच्या प्रकल्पाने मेंदूच्या चित्रांची जी स्पर्धा २०२० मध्ये घेतली, तीतही मोजमापे आठव्या हिश्श्यावर आणली तेव्हा, मुळात नसलेल्या आकृती काही चित्रांत उमटल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले.

आता आमच्या अण्णांची भुवई आठवा. फोटोतली खोक गेली, तर आई हळहळते, एवढेच. मेंदूच्या चित्रातली खोक गेली, तर? रोगाची पहिली खूण ही नेहमीच अपवाद असते. निरोगी माणसांत ती नसते, म्हणूनच तर ती खूण! आणि जे यंत्र नेहमीचे तेच भरायला शिकले, ते अपवादालाच सर्वांत आधी पुसण्याची भीती असते.

मग करायचे काय? अनुमान टाकूनच द्यायचे? तसे म्हणता येत नाही, कारण काही चित्रे अनुमानावाचून निघणारच नाहीत. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आमच्या कॉलेजची मुले घेऊन मी तिथे गेलो आहे. मुलांचा पहिला प्रश्न असतो, "सर, एवढ्या तबकड्या, मग दुर्बीण एकच कशी?" तर दूरदूर पसरलेल्या त्या तबकड्यांची मोजमापे एकत्र करून, त्यांतून एका प्रचंड दुर्बिणीचे चित्र गणिताने सोडवले जाते. मधल्या रिकाम्या जागांची मोजमापे मात्र नसतात.

हीच रीत पृथ्वीएवढी मोठी केली, तेव्हा कृष्णविवराचे चित्र मिळाले. एप्रिल २०१७ मध्ये जगातल्या सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी मोजमापे घेतली. त्यांच्या मुख्य लक्ष्यांपैकी एक होती एम ८७ ही दीर्घिका. ती आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. माहिती इतकी झाली की ती तारेने पाठवणे शक्य नव्हते. हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. तरीही पृथ्वीएवढ्या दुर्बिणीच्या मानाने मोजमापे अगदी तुटपुंजी. अनुमान अटळ होते. आणि कृष्णविवराभोवती प्रकाशाची बांगडी दिसावी, असे सिद्धांत आधीच सांगत होता. म्हणजे ज्याला बांगडी हवी त्याला बांगडी दिसण्याचा मोह मोठा!

या मंडळींनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. त्यांनी आपले चार गट पाडले. एका गटाने दुसऱ्याशी या चित्राबद्दल अवाक्षर बोलायचे नाही, असा नियम केला. जुलै २०१८ मध्ये चारही चित्रे शेजारी शेजारी ठेवली गेली. चारही बांगड्या होत्या, खालच्या बाजूला अधिक तेजस्वी. तरी त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी मुद्दाम बनावट मोजमापे तयार केली : एक बांगडीची, एक अर्धवट कोरीची, एक भरीव थाळीची, एक नुसत्या दोन ठिपक्यांची. जी मांडणी थाळीची थाळीच दाखवील आणि ठिपक्यांचे ठिपकेच, तिच्यावरच विश्वास ठेवायचा. थाळीची बांगडी करणारी मांडणी बाद. इतके झाल्यावर १० एप्रिल २०१९ रोजी ते चित्र जगासमोर आले. मोजमापेही सर्वांना खुली केली.

ती खुली केल्यामुळेच २०२२ मध्ये मियोशी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांना त्याच मोजमापांवरून निराळे, बांगडी नसलेले चित्र मांडता आले. वाद झाला, मूळ संघाने ते चित्र मान्य केले नाही. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, ग्रीनलंडमधली नवी दुर्बीण जोडून २०१८ साली घेतलेल्या मोजमापांचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यातही त्याच आकाराची बांगडी होती. शंका घ्यायला वाट ठेवली, म्हणून विश्वास वाढला.

श्रोतेहो, यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावे? डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळावी, असे मला मुळीच सुचवायचे नाही. या यंत्रांनी असंख्य जीव वाचवले आहेत. मात्र जुन्या फिल्म, जुने रिपोर्ट रद्दीत घालू नयेत; नव्या तपासणीला जाताना बरोबर न्यावेत. आणि जे हे तंत्र घडवतात, विकतात, विकत घेतात, त्यांना एक प्रश्न विचारण्याचा हक्क आपण सोडू नये : या चित्रातले मोजलेले किती आणि मानलेले किती? चित्र जितके लखलखीत, तितका हा प्रश्न अधिक अगत्याने विचारावा.

तो फोटो मी पुन्हा त्या दुकानात नेला. म्हटलं, "डाग तेवढे काढ. जिथं काही दिसत नाही, तिथं तसंच राहू दे." पोरगा म्हणाला, "सर, पण मग ते बरं दिसणार नाही." तो म्हणत होता ते खरेच होते. डाव्या बाजूला फिकट ढग राहिला आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत आता तोच फोटो आहे. आलेल्या माणसाला आई त्या ढगावर बोट ठेवून सांगते, "इथं खोक होती. चिंचेवरून पडले होते."