व्यायामाचे साधन हातात बसले पाहिजे



व्यायाम करावा, हे सांगायला मी आलेलो नाही. ते तुम्हाला ठाऊकच आहे, आणि गुरुजी मंडळींनी तर ते फळ्यावर शंभर वेळा लिहिले असेल. माझा प्रश्न निराळा आहे. हौसेने घरी आणलेली मुद्गलांची जोडी चार दिवसांत कोपऱ्यात का जाते? शहरातल्या घरांत हल्ली व्यायामाची सायकल असते. महिन्याभरात तिच्यावर ओले टॉवेल वाळत पडतात. लोक म्हणतात, माणूसच आळशी. मला हे पुरते पटत नाही. पुष्कळदा खोट साधनात असते. ते हाताला टोचते, नको तितके जड असते, आणि त्याच्याकडे पाहून उचलावेसे वाटत नाही.

तळोद्याकडच्या मंडळींना हे चटकन समजेल. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी असते. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अशा थाटात माणसे रात्रभर नाचतात. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिला मी व्यायाम म्हणणार नाही. पण तेवढेच श्रम कोणी नुसते आकडे मोजत करायला सांगितले असते, तर पहिल्या तासातच मंडळी पांगली नसती काय? ताल आणि रंग असले की अंग आपणहून चालते.

हे लेझमीच्या बाबतीत प्रत्यक्ष घडले आहे. लेझीम हा शब्द फारसीतला. मूळची लेझीम म्हणजे सरावाचे धनुष्य, त्याला दोरीच्या जागी लोखंडी साखळी. खांदे आणि छाती तयार व्हावी म्हणून ती ओढायची. भिल्लांचे धनुष्य, ज्याची दोरीसुद्धा बांबूचीच असते, ते ज्यांनी ताणून पाहिले असेल त्यांना या मेहनतीची कल्पना येईल. ते साधन मोजक्या पहिलवानांचे होते. पुढे वाकलेल्या धनुष्याची हातभर सरळ दांडी झाली, साखळी हलकी झाली, तिच्यात धरायला मूठ आली, आणि चकत्यांची छुमछुम तेवढी मागे राहिली. मग तीच लेझीम शाळेत आली, मिरवणुकीत आली, मुलींच्या हातात आली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनातही ती वाजली. जोर कमी लागतो, हे खरे. पण वर्गातली पन्नास मुले घाम येईपर्यंत वाकतात आणि उठतात, ही कमाई लहान आहे काय? शिवाय कोणाचा ताल चुकला तर ते त्याचे त्यालाच ऐकू येते. शिट्टी फुंकावी लागत नाही.

मुद्गलाची गोष्ट तर परदेशातली आहे. आपल्या तालमीतली ही जोडी इंग्रजांनी विलायतेला नेली. १८३० च्या दशकात डोनाल्ड वॉकर या लेखकाने व्यायामाच्या पुस्तकांतून ती तिथल्या लोकांपुढे मांडली आणि स्त्रियांसाठी सडपातळ, हलकी जोडी सुचवली. न्यूयॉर्कचा सिम केहो चरकावर कातलेल्या सुबक जोड्या विकत असे. त्याचे पुस्तक १८६६ चे. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. आज तालबद्ध जिम्नॅस्टिक्समध्ये मुली जी जोडी फिरवतात ती त्याच घराण्यातली, एकेकीचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम! आमच्या तालमीत मात्र वजनाची ऐट राहिली. ज्याला जड उचलत नाही त्याने बाहेर बसावे, असा एकूण कारभार.

आणि बाहेर कोण बसले? मुली बसल्या, म्हातारी माणसे बसली, खांदा आखडलेले बसले. शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असेही म्हणतात. पण दिवसभर निंदणी करणारीची कंबर वाकलेलीच राहते, हात डोक्यावर जात नाहीत. तिला जड जोडी नकोच आहे. खांद्याची वाटी मोकळी फिरेल असे हलके काही हवे.

तेव्हा साधन बदलू या. भरलेली घागर कमरेवर सुखाने राहते. तीच हात लांब करून धरा, मनगट लगेच तक्रार करते. वजन मुठीपासून दुप्पट लांब गेले की ताण दुप्पट होतो. म्हणून मुद्गल जड वाटला तर तो आखूड करावा, नुसता तासून बारीक करून पुरत नाही. मूठ अशी असावी की अंगठा आणि मधले बोट एकमेकांना भेटावे. शाळेत चौथीच्या आणि दहावीच्या मुलांना एकाच जाडीची लेझीम देतात, हे मला अजून कळलेले नाही. कुऱ्हाडीचा दांडा आपण किती निगुतीने घासतो! तीच निगा इथे हवी. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखा लाखेचा रंग पोटावर जरूर द्यावा. मुठीवर नको, घामाने हात निसटतो. मुठीला जवसाचे तेल चोळावे किंवा जुन्या सुती लुगड्याची पट्टी तिरकी, घट्ट गुंडाळावी. मल्लखांबातही वेताच्या जागी पुढे सुती दोर आला, आणि आज मुली दोरीवर किती सुंदर आसने करतात.

ज्यांना सुताराकडे जायचे नाही त्यांनी वेळूचा हातभर तुकडा घ्यावा. एका टोकाला पेराची गाठ राहू द्यावी. दुसरीकडून मूठभर कोरडी वाळू घालून लाकडी बूच ठोकावे. पंधरा दिवसांनी आणखी मूठभर घालावी. नळी काठोकाठ भरू नये. मोकळी वाळू फिरवताना सळसळते आणि तो आवाज लहान मुलांना फार आवडतो. वर गेरूच्या रेघा घरच्या पोरींनाच काढू द्याव्या. फक्त आपल्याकडे उन्हाळ्यात वेळू तडकतो, तेव्हा दोन्ही टोकांना सुतळी आवळून बांधावी, आणि फिरवायला घेण्यापूर्वी चीर नाही ना, बूच ढिले नाही ना, एवढे रोज पाहावे.