पोटात आणि झोळीत घडणारा डोळा
(आशाताई व अंगणवाडी ताईंच्या मेळाव्यात झालेले भाषण)



मूल जन्मले की त्याचे डोळे तयारच आहेत, असे आपण धरून चालतो. खरे पाहता डोळ्याचे बरेच काम जन्मानंतरही चालू असते. ते कसे चालते हे नीट कळले, तर पाड्यावरच्या एखाद्या बाळाची दृष्टी आपल्या हातून वाचू शकेल.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्यात उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी असतात. शंकूपेशी दिवसाउजेडी काम करतात, रंग आणि बारीक अक्षर ओळखतात. दंडपेशी तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात वाट दाखवतात. शंकूपेशी साधारण 50 ते 60 लाख, तर दंडपेशी 9 कोटींहून जास्त.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात वाढत्या मेंदूतून दोन फुगवटे बाहेर येतात. हा पडदा त्यांतूनच बनतो. त्या वेळी कित्येक बायांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. पुढे आधी शंकूपेशी तयार होतात, मागून दंडपेशी. जन्माच्या वेळी पडद्याच्या मधोमध असलेल्या शंकूपेशी आखूड आणि जाड असतात. पुढची काही वर्षे त्या लांब, बारीक होत मध्याकडे दाटीने गोळा होतात. म्हणून तान्ह्या बाळाला आईचा चेहरा जवळूनच दिसतो, तोही पुसट.

आता मुख्य गोष्ट. या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवस भरण्याच्या सुमारास कडेला पोहोचतात. बाळ लवकर जन्मले तर हे काम अर्धवट राहते. मग कधी कधी वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात, पडदा ओढला जातो, सुटतो आणि बाळ कायमचे आंधळे होते. बाहेरून मात्र डोळा अगदी चांगला दिसतो. घरच्यांना शंका येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

म्हणून नियम लक्षात ठेवा. बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मले किंवा वजन 2 किलोपेक्षा कमी असले, तर जन्मापासून 30 दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडून पडदा तपासून घ्यायचा. 28 आठवड्यांच्या आतले किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. गरज पडली तर लेसरने उपचार होतात, पण ते वेळेतच करावे लागतात. पुन्हा बोलावले तर पुन्हा जायचे. एकदा तपासले म्हणजे संपले असे नाही.

आई म्हणेल, ‘बाळ दूध पितंय, हसतंय, एवढ्या लांब कशाला जायचं?’ एक दिवसाची मजुरी बुडते, हेही खरे. तिला रागावू नका. तारीख तुम्ही लिहून ठेवा, गाडीची चौकशी करा, जमल्यास सोबत जा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि प्रवास मोफत आहे, हे तिला सांगा.

दुसरी गोष्ट आहाराची. दंडपेशीतला उजेड टिपणारा पदार्थ जीवनसत्त्व अ पासून बनतो. ते कमी पडले की रातांधळेपणा येतो. बाळाला पहिला चीक पाजा. नवव्या महिन्यात जीवनसत्त्व अ चा पहिला डोस आणि पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस चुकवू नका. शेवग्याचा पाला, पिकलेली पपई, आंबा आपल्याच शिवारात मिळतो. पाल्याच्या भाजीला थोडे तेल हवे, म्हणजे गुण अंगी लागतो. गरोदर बाईने मात्र या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, जास्त मात्रा गर्भाला घातक ठरते.

आणि बाळाच्या बाहुलीत पांढरे दिसले, किंवा तीन महिन्यांचे झाले तरी ते नजर लावत नसेल, तर ‘मोठं झाल्यावर सुधारेल’ म्हणून थांबू नका. डोळ्यातून उजेड आत गेला नाही तर मेंदू बघायला शिकत नाही, आणि ते शिकण्याचे वय थोडेच असते.

आज घरी गेल्यावर आपापल्या वहीत गेल्या महिन्याभरात जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांची नावे काढा. त्यांच्यापुढे जन्मतारीख आणि तिसावा दिवस लिहा. उद्या सकाळी पहिली भेट त्याच घरी द्या.